काळ्या हॉलचं वेळापत्रक

सोमवार, ४

सर म्हणतात, दिग्दर्शकाने वही ठेवलीच पाहिजे. नट विसरतो, प्रेक्षक विसरतो, दिग्दर्शकाला विसरायची मुभा नाही. माझ्या नाटकाच्या तालमींना अजून अवकाश आहे, पण वही आधी सुरू केली म्हणून कोणी रागावणार नाही.

वसतिगृहात सध्या मी एकटी. बाकीच्या सगळ्या सुट्टीला घरी गेल्यात, वर्ग सुरू होणार पंचवीस तारखेला. वॉर्डनबाईंनी तिसऱ्या मजल्याची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "नळांकडे तेवढं लक्ष ठेव. दुसरं काही जाण्यासारखं नाही इथं." अठरा खोल्या, एक लांब व्हरांडा आणि सात नळ. पाचवा आणि सहावा गळतात. एकटं वगैरे वाटत नाही. कामच इतकं आहे की एकटं वाटायला वेळ कुठून आणू?

काम म्हणजे असं. नाट्यविभागातलं माझं हे शेवटचं वर्ष. सर विभागाचं मोठं नाटक बसवणार आहेत, त्यात मी साहाय्यक. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून आठवड्यातून तीन सकाळी आवाजाचा सराव करून घ्यायचा, तोही मीच. आणि माझं स्वतःचं एक तासाचं नाटक. ते हॉलमध्ये बसवून दाखवल्याशिवाय दिग्दर्शनाची पदवी मिळत नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि आता ही दुसरीही मीच घेणार.

आज सरांनी चौथं काम दिलं. हॉलचं वेळापत्रक. विभागाकडे हॉल एकच, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले आम्ही आठ विद्यार्थी, शिवाय सर, शिवाय पहिलं वर्ष. गेल्या वर्षी या कागदावरून दोन जिवलग मित्रांचं बोलणं बंद झालं ते अजून बंदच आहे. सर म्हणाले, "हे तूच कर. तुझ्याइतकं निःपक्षपाती इथं कोणी नाही." मी वसतिगृहापर्यंत जवळजवळ पळत आले.

नियम सोपा आहे. सहामाहीचे बारा आठवडे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक, असे आठ. पहिल्या वर्षाला एक. सरांना तीन. झाले बारा. सरांची सही झाली की कागद फलकावर लागतो, आणि मग काहीही हलत नाही. फक्त एखाद्याने आपले दिवस लेखी सोडले तरच. आजवर कोणी सोडलेले नाहीत.

संध्याकाळी बाबांचा फोन. ते फरश्या बसवतात, सध्या कुठल्याशा दवाखान्याच्या कामावर आहेत.

"नाटक कधी गं तुझं? तारीख सांग. मुकादमाला महिनाभर आधी सांगावं लागतं. नाहीतर ऐन वेळी दुसऱ्या साइटवर पिटाळतो."

मी म्हटलं, "बाबा, यंदा वेळापत्रक माझ्याच हातात आहे."

"मग काय, प्रश्नच मिटला!" बाबा म्हणाले.

घरच्यांनी माझं एकही नाटक पाहिलेलं नाही. तशी मी पाच नाटकांत होते. दोनदा विंगेत उभं राहून वाक्यं पुरवायला, एकदा दिव्यांवर, दोनदा सामान हलवायला. आईने विचारलं होतं, त्यात तू कुठली? मी म्हटलं, जी दिसत नाही ती. आई शाळेत शिपाई आहे, घंटा तीच देते. तिला पटलं. शेजारी मात्र तिने सांगून ठेवलंय की मुख्य कामं सगळी आमच्या मुलीकडेच असतात.

मंगळवार, ५

सकाळपासून हॉलमध्ये. आम्ही त्याला काळा हॉल म्हणतो, कारण चारही भिंती छतापर्यंत काळ्या. एका टोकाला दीड फूट उंचीचा लाकडी रंगमंच, बाकी सगळी सपाट जमीन. बेचाळीस घडीच्या खुर्च्या, त्यांतल्या सहा बोटं चिमटतात. मी त्या सहांवर खडूने फुली मारली.

मग तीन खुर्च्या रंगमंचावर मांडून माझं नाटक एकदा चालवून पाहिलं. जागा आहे हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय. एक कारकून बाई, रोज येऊन दुसऱ्याचीच छत्री आपली म्हणून मागणारा एक म्हातारा, आणि सापडलेलं काहीतरी परत करायला आलेली एक मुलगी, जिला ते परत करवत नाही. मीच लिहिलंय. तिन्ही आवाज मीच काढले. म्हातारा बरा जमतो मला.

"कोणाशी बोलतेयस?"

दारात मावशी उभ्या. मावशी म्हणजे आमच्या कपडेपटाच्या. गेली वीस वर्षं त्या इथले कोट, झगे, मुकुट सांभाळतात, उसवलं की टाके घालतात.

"नाटक वाचतेय, मावशी."

"मग ठीक. मला वाटलं फोनवर भांडतेयस कुणाशी. आणि तोही म्हाताऱ्याशी."

त्यांची सुट्टी एकोणीसपर्यंत आहे. पण लोकरी कोटांना कसर लागेल, ऊन दाखवायला हवं, म्हणून आल्या होत्या. हातात चहाचे दोन कागदी पेले. "कोपऱ्यावरच्याने चुकून दोन दिले," म्हणाल्या. मी म्हटलं, त्याचा तोटा होईल बिचाऱ्याचा. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "पी आता."

कोट दोनच होते. मावशी दुपारपर्यंत बसल्या.

शुक्रवार, ८

मोठा कागद, पट्टी, शिसपेन्सिल, खोडरबर. बारा चौकोन. सगळ्यांना निरोप पाठवले होते की कोणता आठवडा हवा ते कळवा, कारणासह. कारणासह हे महत्त्वाचं. न्याय करायचा तर कारण ठाऊक हवं.

पहिला फोन राजेंचा. राजे आमच्याच वर्गातला. पहिल्या वर्षी त्याला एका राजाची भूमिका मिळाली, वाक्य एकच होतं, "कोण आहे रे तिकडे?" ते वाक्य तो विसरला. विंगेतून मी म्हटलं तेही त्याला ऐकू गेलं नाही. शेवटी आमच्यातलाच एक जण न बोलावता आत गेला. तेव्हापासून तो राजे.

"काय गं, हॉलच्या मालकीणबाई!"

"कसली मालकीण. नुसते चौकोन आखतेय."

"मला शेवटचा आठवडा दे. बाहेरचे परीक्षक तेव्हाच येतात. माझं नाटक त्यांनी पाहिलं नाही तर मी काय करू सांग, वर्षभर काय नुसत्या मिश्या वाढवू?"

शेवटच्या आठवड्यावर मी माझं नाव घातलं होतं. अगदी फिकट. मी त्याला तसं म्हटलं नाही. तो म्हणाला, "तू नसतीस तर मी पहिल्या वर्षीच घरी गेलो असतो. खरं सांगतोय." कोणी आपल्याबद्दल असं बोललं की किती हलकं वाटतं! राजेंच्या नाटकात सहा माणसं, माझ्यात तीन. परीक्षक सहा जणांना बघतील तर ते सहांचं भलं. मी माझं नाव खोडून पाचव्या आठवड्यात नेलं.

कितीतरी वेळ फोनवर होतो आम्ही. म्हणजे अकरा मिनिटं.

रविवार, १०

बाबांनी फोटो पाठवला. दवाखान्याच्या एका खोलीची फरशी. पांढऱ्यावर करडे ठिपके. मग फोन.

"बघितलास?"

"हो, छान आहे."

"कोपरा बघ ना उजवीकडचा. एकही तुकडा लावावा लागला नाही. मधून सुरुवात केली की तसं होतं. भिंतीपासून सुरू करतात ते गाढव असतात."

मी म्हटलं, "बाबा, मी कामात आहे." हल्ली ते दर दोन दिवसांनी फरश्या पाठवतात. मला त्यातलं काही कळत नाही हे त्यांना कसं सांगायचं? मी अंगठा पाठवते.

"बरं बरं. तारीख?"

"ठरतेय. पाचव्या आठवड्यात बहुतेक."

"बहुतेक नको. मुकादमाला बहुतेक चालत नाही."

आईने फोन घेतला. जेवलीस का, काय जेवलीस, खाणावळ बंद आहे ना मग कुठे जेवलीस. आणि मग, "मजल्यावर कोण कोण आहे सोबतीला?"

मी म्हटलं, "सगळ्या आहेत."

हे अगदीच खोटं नाही. सगळ्यांच्या ट्रंका आहेत.

बुधवार, १३

दोन गोष्टी झाल्या.

सकाळी आमच्या वर्गातल्या बाळंतिणीचा फोन आला. तिचं बाळ चार महिन्यांचं. तिची सासू फक्त पाचव्या आठवड्यात येऊ शकते, बाळ तेव्हाच सोडता येईल. हे बोलत असताना मागे बाळ रडत होतं. याहून मोठं कारण कुणाकडे असेल? मी माझं नाव आठव्यात नेलं.

दुपारी सरांकडे गेले. टेबलावर त्यांच्या नाटकाच्या सेटचं पुठ्ठ्याचं छोटं रूप. तीन पातळ्या, दोन जिने, एक पूल. बघतच राहावं असं. सर म्हणाले, "तीन आठवड्यांत हे उभं नाही राहणार. बांधायलाच आठवडा जाईल. नऊ, दहा, अकरा माझे आहेत. आठवाही लागेल."

मी हातातल्या कागदावर आठवा चौकोन शोधला. सर म्हणाले, "अडचण आहे का काही?"

"नाही सर. बघते."

"मला माहीत होतं. तू या विभागाचा कणा आहेस."

हे वाक्य इथे लिहून ठेवते, म्हणजे मन खचलं की वाचता येईल. रंगभूमी म्हणजे आपल्याला काय मिळतं हे नव्हे, सगळ्यांना मिळून एक गोष्ट उभी करता येते हे. मला हे मनापासून वाटतं. माझ्या तीन माणसांच्या नाटकासाठी तो पूल अडवायचा?

मावशींना सांगितलं. त्या आज पडद्यांची मापं घ्यायला आल्या होत्या. (पडदे तेच आहेत, मापं बदलली असतील असं मला वाटत नाही. पण वय झालं की माणूस खात्री करून घेतो.) म्हटलं, "सर मला विभागाचा कणा म्हणाले."

मावशींनी टेप गुंडाळली. "कणा म्हणजे पाठीमागेच असतो तो."

माझं नाव तात्पुरतं एका चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवलं आहे. 'माझं: ठरायचं.'

शनिवार, १६

झालं! शाईने पक्की प्रत काढली. तीन दिवस लागले. प्रत्येक आठवड्याला वेगळा रंग. कुठे किती वाजता कुलूप उघडायचं, खुर्च्या कोणी लावायच्या, दिव्यांना कोण बसणार, सगळं आत. दिव्यांना तीन ठिकाणी मी आहे, विंगेत दोन ठिकाणी, खुर्च्यांना बहुतेक सगळीकडे. बारा चौकोन आणि एकही रिकामा नाही. एकाचाही जीव दुखावलेला नाही. सात जणांचे सात निरोप आले, सगळे आनंदात.

सरांनी वाचलाही नाही कागद, थेट सही केली. "तुझ्यावर सोडलं की मला बघावं लागत नाही," म्हणाले.

येताना वाटेत कोणालातरी सांगावंसं वाटत होतं. मावशी आज आल्या नव्हत्या. वॉर्डनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाचव्या नळाचं काय झालं?"

व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारल्या. मग राजेंना फोन लावला. उचलला नाही. कामात असेल.

मंगळवार, १९

बाबांचा फोन आला तेव्हा वेळापत्रकाची दुसरी प्रत माझ्या समोर भिंतीवर होती.

"सही झाली म्हणालीस ना? बोल तारीख. पेन घेऊन बसलोय. आईने कॅलेंडर उतरवून दिलंय."

"थांबा हं, बाबा," मी म्हटलं, आणि बोट ठेवून वाचायला लागले. पहिला आठवडा पहिल्या वर्षाचा. दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा बाळंतिणीचा. सहावा. सातवा. आठवा सर. नववा सर. दहावा सर. अकरावा सर. बारावा राजे.

मी पुन्हा वरून सुरू केलं.

"आहेस ना?" बाबा म्हणाले.

"आहे. बाबा, मी नंतर करते."

चिठ्ठी या वहीतच होती, तेरा तारखेच्या पानात.

बुधवार, २०

काल पुढे काही लिहिता आलं नाही.

मी विसरले कशी? बाळंतिणीच्या सासूची गाडी किती वाजता पोचते ते माझ्या लक्षात होतं. दिव्यांना बसायला कोणाला पायऱ्या चढवत नाहीत ते लक्षात होतं. बारा चौकोन भरले तेव्हा मला किती छान वाटलं हे मागच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. मी मोजलेसुद्धा. पण नावं मोजली नाहीत, चौकोन मोजले.

राजेंना फोन केला. सांगितलं. तो आधी हसलाच, मग म्हणाला, "अगं तुझ्यासाठी जीव देईन. आठवडा मागू नकोस."

"दोन दिवस दिलेस तरी चालेल."

"त्या आठवड्यातले? वेडी आहेस का?" मग जरा थांबून, "ऐक ना, माझ्या नाटकाची व्यवस्था तू बघतेयस ना? की आता रागावलीस म्हणून नाही?"

मी म्हटलं, बघते.

का म्हटलं?

मग सरांकडे. सर वाईट वागले असं मला लिहायचं नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, कागद पाहिला, या वेळी नीट पाहिला. "अरेरे," म्हणाले. "हे तुझ्याच हातून व्हावं!" मग म्हणाले, "असं कर. या वर्षी तू रंगमंच व्यवस्थेवर प्रबंध दे. पदवी मिळेल, दिग्दर्शनाची नसली तरी. दिग्दर्शन काय, पुढेमागे करशीलच. खरं सांगू का, तुझा पिंडच व्यवस्थेचा आहे. त्यात कमीपणा काही नाही."

मी आभार मानून बाहेर आले. खरंच आभार मानले.

कपडेपटाचं दार उघडं होतं. आज मावशींची सुट्टी संपली, म्हणजे आज त्या हक्काने आल्या होत्या. मी आत जाऊन कोटांच्या मागे उभी राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाल्या, "डोळे पुसायचे तर सुती घे. रेशमी झग्यावर डाग जात नाहीत."

मी सगळं सांगितलं. मावशी चिडल्या. सरांवर नाही, राजेंवर नाही, माझ्यावर. "साऱ्या गावाची मापं घेतलीस, आणि स्वतःला काय, उरल्यासुरल्या चिंध्या? तेही शोधायची पाळी! बावळट कुठली."

"मला वाटलं नंतर जागा होईल."

"कोण करणार होतं जागा? यादी तर तूच लिहीत होतीस."

त्यांनी त्यांचा डबा उघडून अर्धा माझ्यासमोर सरकवला. म्हणाल्या, आज भूक नाही.

शुक्रवार, २२

काल दिवसभर खोलीत. कोणी आलं नाही, म्हणजे येणारं कोणी नव्हतंच. संध्याकाळी व्हरांड्यातून चालताना मोठ्याने बोलून पाहिलं, म्हाताऱ्याच्या आवाजात: "ती छत्री माझी आहे." अठरा बंद दारं. मला पहिल्यांदाच वाटलं की हा मजला फार मोठा आहे.

आज बाबांना फोन केला. नाटक होणार नाही असं सांगायला. तीन दिवस पाठ केलेलं वाक्य होतं, शांत आवाजात म्हणायचं. मागे फरशी कापायच्या यंत्राचा कर्कश आवाज, आणि बाबा आधीच कुणावर तरी तापलेले.

"अगं काय सांगू, तो डॉक्टर! काल बसवलेली फरशी. दोरी बांधली, पाटी लावली, दोन दिवस पाय ठेवू नका. हा बूट घालून सरळ आत! का, तर म्हणे माझीच खोली आहे. मी म्हटलं, साहेब, खोली तुमची आहे हो, पण हे दोन दिवस ती तुमची नाही. हे दोन दिवस ती कुणाचीच नाही."

माझी नजर भिंतीवरच्या वेळापत्रकावर गेली.

"तू कशाला केला होतास फोन?"

"बाबा, मी नंतर करते."

"परत नंतर?"

सरांचा आठव्या आठवड्याचा तपशील मीच लिहून दिला होता. काढून वाचला. सोमवार ते बुधवार सेटची बांधणी. बुधवारी रात्री रंग. गुरुवार, शुक्रवार: वाळणे. रंगमंचावर कोणीही पाय ठेवू नये. शनिवारी दिवे. 'कोणीही पाय ठेवू नये' हे मीच लाल शाईने लिहिलं होतं आणि खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

हॉलमध्ये गेले. रंगमंचाकडे पाठ करून खाली जमिनीवर उभी राहिले. पावलांनी मोजलं. लांबी अठ्ठावीस, रुंदी एकोणीस. मधे जागा मोकळी, तीन बाजूंनी खुर्च्या, दोन दोन ओळी. फुलीच्या सहा सोडून छत्तीस. कारकून बाईचं टेबल मध्यभागी. म्हातारा दारातून येईल, खऱ्या दारातून, प्रेक्षकांच्या मधून, आणि छत्री मागताना त्याला वर बघायची गरज नाही, कारण वर कोणी नाहीच. रंगमंचावर हे नाटक इतकं जवळ आलंच नसतं.

सगळी वाक्यं एकदा म्हटली. एक तास चार मिनिटं. चार मिनिटं कापावी लागतील.

सोमवार, २५

सगळे आले. सकाळी सातला व्हरांड्यात बादल्यांचा आवाज, कुणीतरी कुणाचा टॉवेल पळवलाय, पाचव्या नळावर रांग. मला वाटलं होतं खूप बरं वाटेल. सगळ्या एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मलाही दोघींनी मारली, आणि विचारलं, गाद्यांना ऊन दाखवलंस का गं?

वेळापत्रक फलकावर लागलं. समोर ही गर्दी. ज्याला त्याला आपला चौकोन सापडला. माझा नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी पाठीमागे उभी राहून दहा मिनिटं वाट पाहिली.

मग अर्ज घेऊन सरांकडे गेले. अर्ज चार ओळींचा. आठव्या आठवड्यातले गुरुवार आणि शुक्रवार सरांनी लेखी सोडावेत, ही विनंती.

सरांनी चष्मा वर केला. "अगं, पण त्या दिवशी स्टेजला हात लावता येणार नाही."

"नाही लावणार. खाली करीन, जमिनीवर."

"दिवे?"

"हॉलचे साधे. सरकारी कार्यालय आहे, तिथे असेच असतात."

"तालमी?"

"कपडेपटात. मावशींनी संध्याकाळी जागा करून द्यायचं कबूल केलंय."

सर खुर्चीत मागे रेलले. "हे बघ, माझी अडचण वेगळी आहे. ते दोन दिवस तू मला हवीस. तू नसलीस तर सेटकडे बघणार कोण?"

मी म्हटलं, "सर, रंग वाळायला मी लागत नाही."

हे उद्धटपणे म्हटलं नव्हतं. मला खरंच तसं सांगायचं होतं, माहिती म्हणून. पण सर माझ्याकडे बघत राहिले, जणू मी आत्ताच दारातून आत आलेय. मग ते पेन शोधायला लागले. पेन त्यांच्या खिशातच होतं, मी सांगितलं नाही. त्यांना सापडेपर्यंत थांबले.

सही झाली. "प्रबंधाचं मग..." ते म्हणाले.

"नको, सर."

बाहेर राजे भेटला. म्हणाला, "आमच्या व्यवस्थेची पहिली बैठक कधी घेतेस?" मी म्हटलं, "तू दुसरं कोणीतरी बघ." तो खूप हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. उद्या परत सांगावं लागणार.

अजून मला नट नाहीत. तीन हवेत. आवाजाच्या वर्गातली एक मुलगी आहे, आज पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या मागे उभी होती. तिला विचारीन. व्यवस्थेला कोणी नाही. खुर्च्या मावशी लावीन म्हणतायत, पण त्यांचे गुडघे दुखतात. आज जेवायच्या वेळी मोठ्या टेबलावर माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती आणि मी आठव्या आठवड्याबद्दल कोणालाच सांगितलं नाही. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

दुपारी बाबांना फोन केला. यंत्राचा आवाज, मग तो थांबला.

"बाबा, तारीख ठरली." मी सांगितली. "गुरुवार आहे. दुपारी दोन वाजता. कामाचा दिवस आहे, मला माहितीय. नाही जमलं तर..."

"थांब," बाबा म्हणाले. फोन तसाच हातात ठेवून ते कुणाशीतरी बोलायला लागले. "मुकादम, हे लिहून ठेवा. त्या गुरुवारी मी नाही. मुलीचं नाटक आहे. आम्ही दोघंही जाणार."

मुकादमाचा जाडा आवाज आला. काय ते आधी कळलं नाही. मग बाबांनी फोन तोंडाजवळ आणला.

"ते विचारतायत, तिचं त्यात काम काय आहे. काय सांगू गं?"

मी म्हटलं, "सांगा, नाटकच तिचं आहे."

बाबांनी घसा साफ केला. मग तिकडे वळून ते सांगायला लागले आणि तेवढ्यात कुणीतरी यंत्र सुरू केलं. त्यांनी कसं सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.